बेसिनखालची वनिता

आमच्या घरी बाथरूम नव्हतं, मोरी होती. स्वयंपाकाच्या खोलीच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा, त्याला घोट्याएवढा सिमेंटचा कठडा, भिंतीच्या तळाशी पाणी बाहेर जायला एक भोक आणि समोर दोरीवर टाकलेलं आईचं जुनं लुगडं. त्याच फरशीवर भांडी घासली जायची, तांदूळ धुतले जायचे, आणि त्याच फरशीवर आम्ही सगळे आंघोळ करायचो. लुगडं विरून गेलं होतं. म्हणून कोणी आंघोळीला बसलं की आई सांगायची, "तोंडं फिरवा." आमच्या दिवसातली पहिली आज्ञा ती. बाबा चहाचा कप घेऊन भिंतीकडे वळायचे, भाऊ वळायचा, मी वळायचे. माझे पाढे, कविता, इतिहासातल्या सनावळ्या, सगळं पाठांतर मी भिंतीकडे तोंड करून केलं आहे. मागे पाण्याचा आवाज असायचा. अजूनही काही आठवायचं झालं तर मी भिंतीकडे पाहते. ऑफिसातल्यांना वाटतं, मॅडम विचार करून राहिल्या.

बाबा भंडाऱ्याकडून जबलपूरला आले ते कारखान्यात मजुरीला. मी त्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कोणी न विचारता सांगते, आणि सांगताना मान खाली घालत नाही. आज मी सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयात खुर्चीवर बसते, माझ्या सहीला किंमत आहे. हे सगळं खरं आहे. आणि दसरा जवळ आला, रंगाच्या दुकानांबाहेर डबे रचले गेले, नाक्यानाक्यावर लांब दांड्याचे कुंचे घेऊन भिंती रंगवणारे पुताईवाले उभे राहिले की माझे कान गरम होतात, हेही तेवढंच खरं आहे.

लोकांना हा मोसम आवडतो. पाऊस ओसरलेला असतो, ऊन कोरडं आणि पिवळं होतं, गल्लीबोळांतून ओल्या चुन्याचा आणि ऑइल पेंटचा वास येतो. मंडपांचे बांबू रस्त्यात आडवे पडलेले असतात. मला मात्र त्या वासाबरोबर आमचं सामान दिसतं. भिंतींना चुना लावायचा तर घर रिकामं करायला लागायचं, आणि आमचं सगळं घर गल्लीत यायचं. उसवलेल्या गोधड्या, पत्र्याची पेटी, तळ काळा झालेली पातेली, एका पायाला वीट लावलेली खाट. घर आत असतं तेव्हा तुमच्याकडे काय आहे ते दिसतं. बाहेर काढलं की काय नाही ते दिसतं. शाळेतून येताना मी गल्लीच्या तोंडाशी थांबायचे आणि सामान आत जाईपर्यंत उगाच पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर उभी राहायचे.

बाबा चुन्यात नीळ घालायचे. भिंत वाळली की किंचित निळी दिसायची, दुधात चुकून शाई पडल्यासारखी. भिंती बाबांच्या, मोरी आईची. कठड्याला ती गेरू लावायची, गेरूवर चुन्याचे ठिपके द्यायची, बोटाने, एकसारखे. भोकाच्या भोवतीसुद्धा. मी म्हणायचे, तिथे कोण बघतं. ती म्हणायची, "आपण बघतो न."

अशाच एका मोसमात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आमच्या घरी आली. वादविवाद स्पर्धेत आम्ही दोघी होतो, परतायला उशीर झाला, म्हणून त्या बाईंनी मला घरापर्यंत सोडलं. हिंदी बोलणारी माणसं, नवरा मोठा अधिकारी. आईने त्यांना बसवलं, पोहे दिले. बाईंनी हात धुवायला जागा विचारली, आणि आईने मोठ्या आनंदाने सांगितलं, "मोरी में धो लीजिए, आज ही रंग लगाया है।" बाई बशी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "मोरी में?" त्यांची मुलगी तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

मराठीत मोरी म्हणजे न्हाणीघराचा कोपरा. हिंदीत मोरी म्हणजे गटार. आम्हा जबलपूरच्या मराठी माणसांचं हेच आहे. दोन्ही भाषांची लिपी एक, अर्धे शब्दही एक, त्यामुळे वाटतं सगळंच कळलं. आणि उरलेल्या अर्ध्यांत पाय मुरगळतो. बाई हात न धुता गेल्या. आई म्हणाली, भारी स्वच्छ हात असतील त्यांचे. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात मोरीवाली झाले. घरी येऊन रडले आणि पोट दुखतं म्हणून सांगितलं. आईने ओवा दिला.

त्यानंतर मी तो शब्द सोडला. कॉलेजात गेले, नोकरीला लागले, लग्न केलं, आणि गोरखपूरमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या बाजारपेठेतल्या गोरखपूरमध्ये, फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांत आधी बाथरूमचं दार लावून पाहिलं. कडी बसली. मी आतच थोडा वेळ उभी राहिले. माझा नवरा मिलिंद बाहेरून विचारत होता की सगळं ठीक आहे न. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, आणि येताना तो शब्दही घेऊन आली. "मोरीत बादली भरून ठेवली," ती म्हणायची. मी म्हणायचे, "बाथरूममध्ये." ती म्हणायची, "हो, तिथंच."

हे सगळं गेल्या वर्षीच्या मोसमाबद्दल सांगायचं म्हणून सांगितलं.

आमच्या मुलीने, मितालीने, लग्न ठरवलं होतं. मुलगा तिच्याच बँकेतला, हिंदी घरातला, चांगला. दसरा झाला की त्याचे आईवडील घर बघायला, म्हणजे तसं माणसं बघायला, येणार होते. मिलिंदने हॉलला डिस्टेंपर लावून घेतला आणि त्याच्या मते काम संपलं. मी म्हटलं, बाथरूम राहिलं. तो म्हणाला, "अरे, बाथरूम कोण बघतं?" हॉलमध्ये लोक आपल्याला बघतात. आपलं घर बघायचं असतं तेव्हा ते हात धुवायला जातात. हे त्याला सांगून कळलं नसतं. त्याच्या लहानपणी न्हाणीला दार होतं.

बेसिनच्या खाली आधीच्या मालकाचं लाकडी कपाट होतं. तपकिरी पॉलिश उडालेलं, एक दार बिजागरीतून खाली आलेलं, तळाची कड पाण्याने फुगलेली. मितालीने मोबाईलवर मला व्हिडिओ दाखवले. परदेशातल्या बायका अशीच कपाटं घासून, रंगवून, नवीन मुठी लावून नवीकोरी करत होत्या. बेसिनखालच्या कपाटाला तिकडे व्हॅनिटी म्हणतात. मिताली म्हणाली, "मम्मी, ये देखो, वैनिटी मेकओवर." आई पाटावर बसून लसूण सोलत होती. तिने विचारलं, ही वनिता कोण?

त्या दिवसापासून ते कपाट वनिता झालं. घरात सगळेच म्हणायला लागले. मिलिंद ऑफिसातून आल्यावर विचारायचा, वनिताची तब्येत कशी आहे.

मी स्वतः केलं ते सगळं. माणूस लावता आला असता. पण परक्याच्या हाताने झाकलेली लाज झाकल्यासारखी वाटत नाही. दारं काढली, सोड्याच्या पाण्याने धुतली, वाळवली. सँडपेपरने घासली, नाकात, केसांत, भुवयांत पॉलिशची धूळ गेली. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासलं, प्रायमरचा हात दिला. रंग निवडायला दुकानात उभी राहिले तेव्हा दुकानदार भैया शेड कार्ड उलगडत होते आणि मी प्रत्येक रंगात एकच बघत होते, की हा रंग बघून पाहुण्यांना आमच्या घरी आधीपासूनच सगळं चांगलं होतं असं वाटेल का. शेवटी भेडाघाटच्या दगडांत असतो तसा निळसर करडा घेतला. सपाट दारांवर लाकडाची बारीक पट्टी चौकोनात चिकटवली, म्हणजे जुन्या बंगल्यातल्यासारखी कोरीव दारं वाटतात. चौकोनाच्या आत स्टेन्सिल ठेवून पांढरी जाळी उमटवली. सराफ्याच्या पलीकडे भांड्यांच्या गल्लीत पितळेच्या मुठी मिळाल्या, कमळाच्या कळीसारख्या. आरशाची चौकट सोनेरी केली. एका बाटलीत मनी प्लांट.

आई रोज पाट घेऊन दाराशी बसायची आणि बघायची. "एवढं तर माझ्या लग्नात मले नव्हतं सजवलं," ती म्हणाली. मी ब्रश धुताना हसले. आता आठवलं की वाटतं, तेवढे ते दिवस चांगले होते. ती सांगायची, इथं डाग राहिला, तिथं ओघळ आला, आणि खरंच आलेला असायचा.

रंग लागला आणि घर बदललं, पण मला वाटलं होतं तसं नाही. दुकानदाराने सांगितलं होतं, वरून सुकलेला दिसला तरी आठवडाभर पाणी लागू देऊ नका. मी घरात हुकूम काढला. बेसिनवर जपून. आई हात धुते ते कोपरापर्यंत, चूळ भरते ती दणदणीत, तोंडावर पाणी मारते तर समोरची भिंत भिजते. मोरीवर आयुष्य गेलं, तिला पाणी मोजून कसं वापरता येणार? मी तिला म्हटलं, "आई, वनिताला पाणी नको लागू देऊ." ती बरं म्हणाली.

मग मी तिच्या वस्तू उचलल्या. लाल दंतमंजनाचा डबा, खोबरेलाची तेलकट बाटली, टाचा घासायचा दगड, साबणाचे उरलेले तुकडे दाबून दाबून केलेला तो एक अनेकरंगी गोळा. निळसर करड्या रंगासमोर ते सगळं गल्लीत काढलेल्या सामानासारखं दिसत होतं. कॅरीबॅगमध्ये भरलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला लटकवलं. पाहुणे जाईपर्यंत, असं म्हटलं. तिचा पंचा काढला, त्या जागी लेस लावलेला छोटा टॉवेल ठेवला.

आणि शेवटचं काम उरलं होतं, तेही केलं. तिला म्हटलं की त्यांच्यासमोर मोरी म्हणू नकोस, वॉशरूम म्हण. ती म्हणाली, "वाशरूम." मी म्हटलं, वॉ. तिने पुन्हा म्हटलं. भाजी निवडताना म्हणून पाहिलं, झोपायच्या आधी म्हणून पाहिलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीचे शब्द असेच ओठांतल्या ओठांत म्हणत बसायचे. हे मला तेव्हा दिसत होतं. दिसत असूनही मी थांबले नाही.

पाहुणे आले. माणसं साधी, बोलकी. मुलाच्या आईने साबुदाणावड्याची तारीफ केली, मितालीला जवळ बसवून घेतलं. मग हात तेलकट झाले म्हणून त्यांनी आईला, कारण आई सगळ्यांत जवळ बसली होती, विचारलं, "अम्मा जी, हाथ कहाँ धो लूँ?"

आईने तोंड उघडलं. मोरी म्हणायचं नव्हतं. दुसरा शब्द गेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाथरूमकडे हात केला आणि म्हणाली, "वो, वनिता के पास।"

"वनिता कौन? बड़ी बेटी?" बाई म्हणाल्या, आणि मितालीला हसू आवरेना. तिने सगळा किस्सा सांगितला. मुलाचे वडील खो खो हसले, मिलिंद हसला, बाई तर डोळे पुसत हसल्या. कोणीही वाईट हसलं नाही. मी हे आज लिहू शकते. त्या वेळी मला फक्त हसण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तो शाळेतल्या वर्गाचा होता. मी हसले नाही. आईने माझा चेहरा पाहिला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ते जाईपर्यंत बाहेर आली नाही.

बाई हात धुऊन परतल्या त्या पदराला हात पुसत. लेसचा टॉवेल वापरायचा असेल असं त्यांना वाटलंच नाही. कपाटाबद्दल, जाळीबद्दल, मुठींबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, हमारी तरफ से हाँ है. मिताली आनंदाने माझ्या गळ्यात पडली. आणि मी, पहिली ग्रॅज्युएट, ऑफिसातली मॅडम, पाहुण्यांची गाडी वळल्याबरोबर आत गेले आणि आईला म्हणाले, "एक शब्द लक्षात नाही राहिला तुझ्या."

ती वड्यांचं तेल गाळत होती. गाळत राहिली.

घरात दिवाळी झाली, साखरपुड्याच्या गोष्टी सुरू झाल्या. कडाक्याची थंडी पडायला लागली तेव्हा कधीतरी मी बाल्कनीतल्या कढीपत्त्याची पानं तोडायला गेले. झाड पिवळं पडलं होतं. कुंडीतली माती वरून पांढरी, कडक. बोटाने खरवडली तर साबणाचा वास आला. कुंडीशेजारी तांब्या होता, आणि भिंतीला टेकवून तो अनेकरंगी गोळा.

आई पाहुणे यायच्या आधीपासून तिथंच हात-तोंड धूत होती. आठवडा कधीच संपला होता, रंग दगडासारखा पक्का झाला होता. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. दारामागची कॅरीबॅग तशीच खिळ्याला होती आणि मी रोज त्याच दाराआडून झाडू घेत होते.

मी तिला विचारलं, इथं थंडीत काहून धुऊन राहिली. तिने पाण्याकडे बघत उत्तर दिलं, "तुझी वनिता ओली होते न."

म्हटलं, आता चालते. रंग सुकला.

"अच्छा. पाहुणे गेले, आता चालते."

मग मी लहानपणीचा तो किस्सा काढला, स्वतःची बाजू मांडायची म्हणून. हिंदीत मोरीला काय म्हणतात, त्या बाई का हात न धुता गेल्या, वर्गात मला काय म्हणायचे. वाटलं, हे ऐकून तिला कळेल मी अशी का वागले. ती म्हणाली, "मले माहीत नाही काय? तू पोट दुखते म्हणून रडली, त्याच दिवशी शेजारणीला विचारलं मी."

"मग तू तोच शब्द काहून म्हणत राहिली?"

"त्यांच्या घरी ते गटार असंन. माझ्या घरी मी तिथं तुम्हाले लहानपणी न्हाऊ घातलं." मग म्हणाली, "हे घर तुझं आहे कुंदे. तू सांगशीन तसं म्हणू."

हे घर तुझं आहे. किती शांतपणे म्हणाली. मला माझ्या सहीची, खुर्चीची, कडी बसणाऱ्या दाराची सगळ्याची एकदम लाज वाटली. मी कॅरीबॅग काढली आणि तिच्या वस्तू कपाटात मांडल्या. संध्याकाळी त्या परत खिळ्याला होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडल्या, पुन्हा खिळ्याला. राग नव्हता तो. तिने जागा सोडली होती, आणि सोडलेली जागा परत मागण्याची आमच्या घरात कोणालाच सवय नाही.

एका रविवारी मी बादली भरली, आईला दाराशी बोलावलं, आणि तांब्याने वनितावर पाणी ओतलं. दारांवर, जाळीवर, पट्ट्यांवर. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. आई म्हणाली, "वेडी झाली काय तू?" मी ओतत राहिले. पाणी कपाटाच्या खाली शिरलं, तळाच्या कडेत गेलं, माझे पाय भिजले. ती ओरडत आत आली. एवढी मेहनत केली, एवढे दिवस घासत बसली, अक्कल आहे का नाही, शिकून काय केलं, असं बोलत बोलत तिने पोतेरं घेतलं आणि खाली बसून सगळं पुसायला लागली. मीही बसले. आमच्या दोघींचे हात काळे झाले. कपाटाखाली आधीच्या मालकाची सुद्धा धूळ होती. पुसून झालं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, बेसिनचा नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धुतले. भिंत भिजली.

यंदा पुन्हा रंगाचा वास सुटला आहे. मितालीचं लग्न दिवाळीनंतर आहे, पाहुण्यांचं येणं-जाणं चालू आहे. वनिताचा उजवा कोपरा फुगला आहे, तिथला रंग पोपडा होऊन उचलला गेला आहे, आणि मिलिंद म्हणतो, हात मारून घेऊ. मी राहू दे म्हटलं. लाज गेली असं मी म्हणणार नाही. तो शब्द पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून अजून सहज निघत नाही, आणि खोबरेलाची बाटली आईने अजून पिशवीतच ठेवली आहे. पण दंतमंजनाचा डबा कपाटात आहे, आणि माझी आई माझ्या घरात रोज सकाळी बेसिनवर हात-तोंड धुते.